वायरलेस अलार्म कधी मुका, कधी उगाच बोंबलतो? रेडिओचा घोळ शोधायचा कसा, पायरीपायरीने

घरात वायरलेस अलार्म लावलेल्या लोकांच्या तक्रारी मुळात दोनच. एक, रात्री तीनला काही कारण नसताना हूटर बोंबलतो आणि सगळी विंग उठून बसते. दोन, दार सताड उघडलं तरी पॅनल, म्हणजे सेन्सरचं ऐकून हूटर वाजवणारा मुख्य डबा, ढिम्म. आणि दोन्हीवर बसवणारा एकच उत्तर देतो, "इंटरफिअरन्स असेल साहेब." म्हणजे दुसऱ्या रेडिओ लहरींची ढवळाढवळ. बहुतेक वेळा तो नसतो, आणि असतो तेव्हाही कुठला चोर जॅमर (सिग्नल दाबून टाकणारं यंत्र) घेऊन खाली उभा नसतो, आपल्याच हॉलमधला फालतू चार्जर नाहीतर समोरच्यांची पावसात भिजलेली वायरलेस बेल असते. त्यामुळे खालचा क्रम पाळा, उगाच मधूनच सुरू करू नका, कारण सेल उतरलेला असताना अँटेना हलवत बसलात तर रविवार फुकट जाईल.

मी बोलतोय ते मुख्यतः ४३३ मेगाहर्ट्झवाल्या किटबद्दल, म्हणजे तपकीर गल्लीत, लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन जी मिळतात ती, एक पॅनल, दोन-तीन दाराचे सेन्सर, एक-दोन पीआयआर (खोलीतली हालचाल ओळखणारे सेन्सर), दोन रिमोट आणि आत सिमकार्ड. वायफाय आणि झिगबीवाल्यांचं (झिगबी म्हणजे स्मार्ट घराच्या वस्तूंची कमी ताकदीची रेडिओ पद्धत) पुढे वेगळं लिहिलंय.

आधी आपल्याकडे नक्की काय आहे ते बघा

सेन्सर काढून मागचं स्टिकर वाचा. ४३३.९२ लिहिलं असेल, किंवा ८६८, किंवा २.४ गिगाहर्ट्झ. काहीच लिहिलं नसेल तर आपल्याकडे बहुतेक ४३३ धरून चाला.

त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे संवाद एकतर्फी आहे की दुतर्फी. स्वस्त सेन्सर फक्त ओरडतो, पॅनलने ऐकलं की नाही हे त्याला कधीच कळत नाही, तोच कोड आठ-दहा वेळा पाठवून तो झोपी जातो. चांगल्या सिस्टिममध्ये पॅनल उलट "मिळालं" म्हणून कळवतं, आणि नाही मिळालं तर सेन्सर पुन्हा पाठवतो, शिवाय ठराविक वेळाने प्रत्येक सेन्सर आपली हजेरी देतो. हजेरी आली नाही की पॅनल तक्रार करतं. हे तुमच्याकडे आहे का हे तपासायला डब्यावरची जाहिरात वाचू नका, एका सेन्सरचा सेल काढा आणि एक दिवस तसाच राहू द्या. (सेल काढायला झाकण उघडल्यावर हूटर वाजला तर तो टॅम्पर स्विच, ते वेगळं, तो बंद करून वाट बघा.) चोवीस तासांत पॅनलने चूं केलं नाही तर समजा की तुमचा सेन्सर मेला तरी तुम्हाला कोणी सांगणार नाही, आणि खाली जी महिन्याची टेस्ट लिहिलीय ती तुमच्यासाठी सक्तीची आहे.

उगाच वाजतोय की वाजतच नाहीये?

या दोन तक्रारी वेगळ्या करा, इथेच निम्मं काम होतं. रेडिओवरचा गोंगाट सिग्नल दाबू शकतो, पण तो तुमच्या तीन नंबरच्या सेन्सरचा अचूक कोड आपोआप तयार करत नाही. म्हणजे पॅनलवर "झोन ३" दिसलं आणि हूटर वाजला तर बहुतेक त्या झोन तीनच्या सेन्सरनेच सिग्नल पाठवलाय (शेजाऱ्यांच्या किटचा कोड तोच असेल तर गोष्ट वेगळी, ते पुढे), रेडिओला शिव्या देण्याआधी त्या सेन्सरसमोर जाऊन उभे राहा.

दाराचा सेन्सर असेल तर चुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ असेपर्यंत जोडलेला राहणारा स्विच) यांच्यातलं अंतर बघा. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, बिजागरी खाली बसते, आणि जे अंतर मे महिन्यात एक सेंटिमीटर होतं ते जुलैत दोन होतं, मग वाऱ्याने दार जरा हललं तरी सर्किट तुटतं. लोखंडी सेफ्टी डोअरवर चुंबक थेट चिकटवलं तर त्याची ताकद लोखंडातच जाते, मध्ये प्लास्टिकचा किंवा लाकडाचा सेंटिमीटरभर तुकडा घाला.

पीआयआर असेल तर यादी मोठी आहे. तो उष्णतेतला बदल बघतो, आणि समोरच्या लेन्समुळे त्याला खोली पट्ट्यापट्ट्यांत दिसते, एका पट्ट्यातून दुसऱ्यात काही गरम सरकलं की तो उडतो. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन, पंख्याने उडणारा पडदा, थेट लेन्सवरून चालणारी पाल, आत घर केलेल्या मुंग्या, हे सगळे नेहमीचे आरोपी. विदर्भातल्या लोकांना आणखी एक भोगावं लागतं, मे महिन्यात रात्रीसुद्धा खोली ३४-३५ डिग्री असते आणि माणसाच्या त्वचेचं तापमानही तेवढंच, मग पीआयआरला फरकच दिसत नाही आणि माणूस समोरून गेला तरी तो गप्प. त्याला रेंजचा प्रॉब्लेम समजून लोक पॅनल बदलतात. नागपूर-चंद्रपूरकडे पीआयआरच्या भरवशावर राहूच नका, दारं-खिडक्यांवर चुंबकवाले सेन्सर वाढवा.

याला रेडिओचा एक अपवाद आहे. स्वस्त पीआयआरमधलं सर्किट इतकं नाजूक असतं की शेजारी जीएसएमची (पॅनलमधल्या सिमची) अँटेना असेल तर प्रत्येक कॉल किंवा एसएमएसला तो उडतो. टूजी फोन दर सेकंदाला २१७ वेळा छोटे जोरदार ठोके देतो (जुना फोन स्पीकरजवळ ठेवला की टर्रर्र व्हायचं, तेच हे), आणि ते ठोके पीआयआरच्या अँप्लिफायरमध्ये शिरतात. पॅनल आणि पीआयआर एकाच भिंतीवर हातभर अंतरावर लावलेले असतील तर आधी तो पीआयआर दुसऱ्या कोपऱ्यात न्या.

आता ज्यांचा अलार्म वाजतच नाही, किंवा कधी वाजतो कधी नाही, ते खरे रेडिओचे पेशंट. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

वीज आणि सेल

सेल मीटरवर मोजून "तीन व्होल्ट दाखवतोय, चांगला आहे" असं म्हणू नका. लिथियमचा बटण सेल जवळजवळ शेवटपर्यंत तीनच्या आसपास दाखवतो, पण आतला रोध वाढलेला असतो, आणि सिग्नल पाठवायच्या क्षणी करंट मागितला की व्होल्टेज धाडकन पडतं. मीटरच्या दांड्या लावून ठेवा आणि तेव्हाच सेन्सर ट्रिगर करा, व्होल्टेज किती खाली जातं ते बघा. नवीन सेलवर तेच करून दोन्हीची तुलना करा. १२ व्होल्टचा तो बारीक नळीसारखा सेल जो रिमोटमध्ये आणि दाराच्या सेन्सरमध्ये असतो, त्याला तर हे हमखास लागू. आणि पीआयआरमध्ये ९ व्होल्टचा साधा स्वस्त सेल घालू नका, अल्कलाइनच घाला.

मग पॅनलची बॅकअप बॅटरी. एमसीबी खाली पाडा, पॅनल बॅटरीवर दोन-तीन तास चालू द्या, आणि शेवटी हूटर वाजवून बघा. बऱ्याच पॅनलची आतली बॅटरी फुगलेली असते आणि कोणालाच पत्ता नसतो, कारण लाइट गेली की पॅनल मरतं आणि लाइट आली की परत उठतं, मध्ये काय झालं ते घरात नसलेल्या माणसाला कसं कळणार.

आणि अ‍ॅडॉप्टर. पॅनल बॅटरीवर असताना रेंज चांगली आणि अ‍ॅडॉप्टर लावला की कमी, असं झालं तर अ‍ॅडॉप्टरच गोंगाट करतोय. तेवढ्याच व्होल्टचा बऱ्यापैकी दुसरा लावून बघा.

मार्जिन मोजा, "चालतंय" वर समाधान मानू नका

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि हीच कोणी करत नाही. बसवणारा येतो, एकदा दार उघडतो, पॅनल वाजतं, "बघा काका, चालतंय" म्हणतो आणि पैसे घेऊन जातो. पण तेव्हा दिवस असतो, सेल नवे असतात, सेफ्टी डोअर उघडं असतं, आणि सिग्नल कदाचित काठावर पोचत असतो. वर्षभराने सेल थोडा उतरला, मध्ये एक लोखंडी कपाट आलं, शेजारी कोणी बेल लावली, की तो काठ संपला. भारतात ४३३ ते ४३४ या पट्ट्यात विनापरवाना फक्त १० मिलिवॅटपर्यंत ताकद वापरता येते, स्वस्त सेन्सर त्याच्याही खाली असतात, त्यामुळे उधळायला इथे काही नसतंच.

घरच्या घरी मार्जिन, म्हणजे सिग्नल काठापासून किती लांब आहे ते, मोजायची पद्धत अशी. रात्री जशी परिस्थिती असते तशी करा, सगळी दारं बंद, सेफ्टी डोअर लावलेलं, टीव्ही, राउटर, दिवे, पंखे, इन्व्हर्टर सगळं चालू. मग प्रत्येक सेन्सर त्याच्या जागेवर दहा वेळा ट्रिगर करा (पीआयआर असेल तर प्रत्येक वेळी मध्ये तीन-चार मिनिटं खोली रिकामी ठेवा, कारण सेल वाचवायला तो एकदा उडला की थोडा वेळ झोपतो, आणि लोक त्यालाच बिघाड समजतात). दहापैकी दहा पाहिजेत. नऊ म्हणजे नापास.

दहा आले की आता त्याला त्रास द्या. सेन्सर भिंतीवरून काढा, दोन्ही हातांच्या ओंजळीत घट्ट धरून ट्रिगर करा. किंवा पॅनलपासून आणखी एक खोली, आणखी एक भिंत लांब जाऊन करा. तिथूनही दहापैकी आठ-नऊ येत असतील तर मूळ जागेवर मार्जिन भरपूर आहे. ओंजळीत धरताच सगळं बंद पडलं तर तो सेन्सर आज चालत असला तरी काठावरचा आहे, पुढच्या पायऱ्या आधी त्याच्यासाठी करा. काही चांगल्या पॅनलमध्ये सिग्नल टेस्ट मोड असतो, ताकद मुद्दाम कमी करून बघतात, तो असेल तर ओंजळीची गरज नाही.

जागा बदला, बरेचदा एवढ्यावरच काम होतं

पॅनल कुठे लावतात लोक? दिसू नये म्हणून लोखंडी कपाटात, लॉफ्टवर, मीटरच्या खोक्याजवळ, नाहीतर टीव्हीच्या मागे राउटरला चिकटून. चारही जागा वाईट. पॅनल घराच्या साधारण मध्यावर, छातीच्या ते डोक्याच्या उंचीवर, राउटर आणि टीव्हीपासून निदान दीड-दोन मीटर लांब, इन्व्हर्टरपासून त्याहून लांब, आणि भिंतीत कॉलम-बीम नसेल अशा ठिकाणी पाहिजे. आरसीसी कॉलममधल्या सळया, लिफ्टची खोली, मोठा आरसा, फ्रीज, पत्र्याचं छप्पर, खिडकीवरची चकाकती सनफिल्म, यांच्या पलीकडून सिग्नल मागू नका. कोकणात जांभ्याच्या जाड भिंती पावसाळाभर ओल धरतात आणि पाणी सिग्नल खातं, म्हणून तिकडच्या घरात ही टेस्ट मे महिन्यात नको, ऑगस्टमध्ये करा.

४३३.९२ ची लहर साधारण ६९ सेंटिमीटरची, तिचा पाव म्हणजे १७.३. हा आकडा दोन ठिकाणी उपयोगी पडतो. एक, खोलीत भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून काही जागी सिग्नल जवळजवळ संपतो आणि तिथून वीतभर अंतरावर तो मस्त असतो, त्यामुळे सेन्सर काठावर असेल तर आधी पॅनलच वीतभर इकडे, वीतभर वर असं सरकवून बघा, भोक पाडायच्या आधी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावून. दोन, पॅनलच्या आत एक वायर लोंबत असेल साधारण १७ सेंटिमीटरची तर ती अँटेना आहे, वायरमन ती नीटनेटकी दिसावी म्हणून गुंडाळून कोपऱ्यात कोंबतो, ती सरळ करा आणि बाकीच्या वायरींपासून लांब ठेवा. कापू नका, लांबही करू नका. बाहेर ताणायची दांडी असेल तर पूर्ण ताणा आणि उभी ठेवा.

पॅनलला दोन अँटेना असतील, एक सिमची आणि एक सेन्सरची, तर सिमची चुंबकवाली अँटेना वायरसकट जितकी लांब नेता येईल तितकी न्या, खिडकीपाशी चालेल. टूजी मॉड्यूल बोलायला लागलं की ताकद दोन वॅटपर्यंत जाते, आणि शेजारचा बिचारा ४३३ चा रिसीव्हर दहा मिलिवॅटच्याही खालचं काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत असतो, लग्नात बँडच्या ढोलाशेजारी उभं राहून कोणी कानात गोत्र सांगावं तसं.

अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांवर सेन्सर थेट फ्रेमवर चिकटवू नका, आतली अँटेना धातूला लागून बिघडते. मध्ये एक-दोन सेंटिमीटरचा प्लास्टिकचा किंवा लाकडाचा ठोकळा द्या, किंवा सेन्सर भिंतीवर आणि फक्त चुंबक खिडकीवर.

आता खरा इंटरफिअरन्स शोधूया

जागा, सेल, अँटेना सगळं केलं आणि तरी कधी चालतं कधी नाही, तर आता शोधा. पण "कधी" हे लिहून ठेवल्याशिवाय नाही. पॅनलजवळ कागद चिकटवा, तारीख, वेळ, कुठला सेन्सर, तेव्हा काय चालू होतं, पाऊस होता का. आठवडाभरात चित्र दिसायला लागतं. फक्त संध्याकाळी होत असेल तर दिवे, चार्जर, शेजारचं घर. फक्त पावसात होत असेल तर बाहेरची बेल किंवा गेट. चोवीस तास होत असेल तर काहीतरी अडकलंय किंवा पॅनलचा रिसीव्हरच गेलाय.

पहिली झटपट टेस्ट म्हणजे कारची किल्ली. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे रिमोट ४३३.९२ वरच असतात. बिल्डिंगखाली नेहमी वीस मीटरवरून लॉक होणारी गाडी आता अगदी जवळ गेल्याशिवाय ऐकत नसेल, आणि दोन-तीन जणांच्या गाड्या असंच करत असतील, तर हवेतच घाण आहे, तुमच्या पॅनलमध्ये नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यात, क्लीव्हलँडजवळच्या नॉर्थ ओल्मस्टेड भागात नेमकं हेच झालं होतं, लोकांच्या गाड्यांच्या किल्ल्या आणि गॅरेजचे रिमोट कितीतरी दिवस चालेनात. शेवटी सापडलं काय, तर एका हौशी माणसाने घरात वरच्या मजल्यावर कोणी आहे का हे कळावं म्हणून बनवलेलं बॅटरीवरचं छोटं यंत्र, जे ३१५ मेगाहर्ट्झवर (तिकडच्या किल्ल्यांच्याच पट्ट्यात) सतत सिग्नल सोडत होतं. त्याला स्वतःला कल्पनाच नव्हती.

आपल्याकडे त्या यंत्राची जागा वायरलेस बेल घेते. दाराबाहेरच्या बटणात पाणी शिरलं की आतला संपर्क चिकटतो आणि सेल संपेपर्यंत ते बटण सिग्नल पाठवतच राहतं. सोसायटीच्या गेटचा रिमोट सोफ्याच्या गादीखाली दाबला गेला तरी तेच. म्हणून पावसातच त्रास होत असेल तर मजल्यावरच्या सगळ्या बेलची बटणं बघा, शेजाऱ्यांना आधी सांगून अर्थात. "आमच्या अलार्मला तुमची बेल त्रास देते" म्हटलं की लोक चिडतात, "तुमच्या बेलचं बटण चिकटलंय बहुतेक, सेल उगाच संपेल" म्हटलं की स्वतःच स्क्रूड्रायव्हर आणतात.

दुसरी टेस्ट घरातल्या गोंगाटाची. पॅनल बॅटरीवर ठेवा, मेन बंद करा, काठावरचा सेन्सर दहा वेळा ट्रिगर करा. आकडा सुधारला? मग दोषी घरातच आहे. आता एमसीबी एकेक वर करत जा, ज्या खोलीनंतर आकडा पडतो तिथल्या वस्तू एकेक काढत जा. स्वस्त एलईडी बल्बचे ड्रायव्हर, बिननावाचे चार्जर, पीओपीच्या खोबणीतल्या पट्टी-दिव्यांचा पॉवर सप्लाय, सेट टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, या क्रमाने संशय घ्या. खिशातला जुना एएम रेडिओ बल्बजवळ नेला आणि खरखर वाढली तर तो बल्ब घाणेरडा आहे एवढं कळतं, पण एएम म्हणजे साधारण एक मेगाहर्ट्झ, तिथली खरखर ४३३ पर्यंत पोचते असं नाही, म्हणून रेडिओ फक्त संशयित दाखवतो, गुन्हा एमसीबीच्या टेस्टनेच सिद्ध होतो.

स्वस्त पॅनलचा रिसीव्हर हाही यात अर्धा गुन्हेगार असतो. सगळ्यात स्वस्त प्रकार सुपर-रिजनरेटिव्ह, त्याचा कान इतका रुंद असतो की आजूबाजूचे कितीतरी मेगाहर्ट्झ त्याला एकदम ऐकू येतात. सुपरहेटेरोडाइन प्रकारचा रिसीव्हर फक्त आपल्या कामापुरतं ऐकतो. पॅनल विकत घेताना हा एक प्रश्न विचारा, दुकानदाराला उत्तर येत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

ज्यांना लॅपटॉपची हौस आहे त्यांनी आरटीएल-एसडीआर नावाचा यूएसबी डोंगल घ्यावा, काही हजारांत येतो. मुळात टीव्ही बघायला बनवलेली चिप, पण तिच्यातून २४ ते साधारण १७५० मेगाहर्ट्झपर्यंत काय चाललंय ते स्क्रीनवर दिसतं. ४३३.९२ लावा आणि धबधब्यासारखं खाली सरकणारं चित्र बघत बसा. मधूनमधून छोटे ठिपके आले तर ते नॉर्मल, कोणाची किल्ली, कोणाची बेल. एक अखंड उभी रेघ म्हणजे कोणाचं तरी बटण अडकलंय. सगळीकडे पसरलेली धूसर उंची म्हणजे पॉवर सप्लायची घाण. आरटीएल_४३३ नावाचा फुकट प्रोग्रॅम तर बरेच सेन्सर ओळखून त्यांचा कोडही लिहून देतो, त्यात आपला सेन्सर ट्रिगर केल्यावर दिसतो का हे बघता येतं, म्हणजे सेन्सर पाठवतच नाहीये की पॅनल ऐकत नाहीये हा वाद मिटतो. उगम शोधायला डोंगल छातीशी धरून हळूहळू स्वतःभोवती फिरा, ज्या दिशेला पाठ केल्यावर रेघ सगळ्यात फिकी पडते ती दिशा. जवळ पोचल्यावर सगळीकडे सारखंच जोरात दिसायला लागतं, तेव्हा अँटेना काढून टाका आणि नुसत्या डोंगलने शोधा.

वायफाय आणि झिगबीवाल्यांसाठी

२.४ गिगाहर्ट्झमध्ये फ्लॅटमधल्या वीस राउटरची गर्दी असते. राउटर २० मेगाहर्ट्झ रुंदीवर ठेवा, ४० वर नको, आणि चॅनल १, ६ किंवा ११ पैकीच एक धरा. झिगबीचे चॅनल वेगळ्या नंबरांचे असतात, ११ ते २६, त्यातले १५, २० आणि २५ हे वायफायच्या त्या तीन चॅनलच्या फटीत बसतात, हबमध्ये (झिगबीच्या मुख्य डब्यात) तसा पर्याय असेल तर तोच घ्या. हब राउटरवर ठेवू नका. झिगबीचा डोंगल यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टमध्ये थेट खुपसला असेल तर त्या पोर्टचा गोंगाट नेमका २.४ मध्ये पडतो, मीटरभर एक्स्टेन्शन वायर लावली की फरक पडतो.

आणि लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की वायफायवाला सगळा अलार्म आंधळा. ओएनटी (फायबर इंटरनेटचा डबा) आणि राउटर दोन्हीला मिनी यूपीएस लावा, फक्त राउटरला लावून उपयोग नाही. खरं सांगायचं तर सेल वाचवायला झोपणारा वायफाय सेन्सर मला मुख्य दारासाठी पसंत नाही, जागा होऊन राउटरला जोडून घेईपर्यंत त्याचे काही सेकंद जातात.

कोड आणि शेजारी

जुन्या प्रकारच्या सेन्सरमध्ये आत छोट्या सोल्डरच्या टाक्यांनी कोड ठरवतात. टाक्यांच्या आठ जागा, प्रत्येकीच्या तीन अवस्था, म्हणजे ६५६१ शक्यता, पण कारखान्यातून सगळ्या रिकाम्या आलेल्या असतात आणि बसवणारा त्या तशाच सोडतो. मग तुमच्या वरच्या मजल्यावर तेच किट असेल तर त्यांनी खिडकी उघडली की तुमचा हूटर. नेमक्या झोननंबरसकट आणि कारण सापडत नाही असा खोटा अलार्म येत असेल तर हे तपासा, टाके बदला आणि सेन्सर पुन्हा शिकवून घ्या. नंतरच्या चिपमध्ये २० बिटचा कोड कारखान्यातच घालून येतो, दहा लाखांहून जास्त शक्यता, तिथे टक्कर होणं अवघड.

पण दोन्हींचा कोड कायम तोच असतो, म्हणजे ज्याच्याकडे वर सांगितलेल्यासारखं ऐकायचं आणि जोडीला पाठवायचं यंत्र आहे तो तुमच्या रिमोटचा "बंद करा" सिग्नल साठवून नंतर वाजवू शकतो. हे फक्त स्वस्त मालात होतं असंही नाही, अमेरिकेतल्या सिंप्लीसेफ या नावाजलेल्या सिस्टिममध्ये २०१६ मध्ये आयओअ‍ॅक्टिव्ह या कंपनीच्या संशोधकाने अशीच उणीव जाहीर केली होती. उपाय म्हणजे प्रत्येक वेळी बदलणारा कोड किंवा एन्क्रिप्शनवाली दुतर्फी सिस्टिम, आणि ते जमत नसेल तर रिमोट बाजूला ठेवून पॅनलच्या कीपॅडवरून बंद करा. मूळ पिन बदललाय ना? बऱ्याच घरात अजून १२३४ असतो.

बाहेर निरोप जातोय का

सेन्सर ते पॅनल सगळं उत्तम, आणि पॅनल ते तुमचा फोन बंद, असं फार होतं. स्वस्त पॅनलमधलं मॉड्यूल टूजी असतं आणि जिओकडे टूजी मुळात नव्हतंच, २०१६ मध्ये ते थेट फोरजीनेच सुरू झाले, त्यामुळे त्या पॅनलमध्ये जिओचं सिम चालणार नाही, कितीही वेळा काढून घातलं तरी. नवीन घेताना फोरजीवालंच पॅनल घ्या. सिमचा पिन लॉक आधी फोनमध्ये घालून काढून टाका. आणि रिचार्ज! फक्त अलार्मसाठी घेतलेल्या सिमची व्हॅलिडिटी कोणाच्याच लक्षात राहत नाही, आपल्या फोनच्या रिचार्जच्याच दिवशी त्याचाही करा.

बाहेरून आणलेली किट

मुलगा-सून अमेरिकेतून येताना अलार्म घेऊन येतात, प्रेमाने. तिकडची किट बरेचदा ३१९.५, ३४५ किंवा ९०० च्या वरच्या पट्ट्यात चालतात, आपल्याकडे ते पट्टे अशा वापरासाठी मोकळे नाहीत. इथे मोकळा आहे तो ४३३ ते ४३४, ८६५ ते ८६८ (आधी ८६७ पर्यंतच होता) आणि २.४ गिगाहर्ट्झ. युरोपातलं "८६८" लिहिलेलं सामानही नीट बघा, तिकडचे बरेच अलार्म ८६८.० ते ८६८.६ या पट्ट्यात चालतात, म्हणजे आपली हद्द संपते तिथे तो पट्टा सुरू होतो. झेड-वेव्हचं (झिगबीसारखीच एक पद्धत) अमेरिकन सामान ९०८.४२ वर आणि भारतीय ८६५.२ वर, दोघं एकमेकांशी बोलणारच नाहीत. वर ११० व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर इथल्या प्लगमध्ये घातला तर रेडिओपर्यंत विषय जाणारच नाही.

आणि कोणी "टेस्टिंगसाठी" जॅमर विकत घ्यायचा सल्ला दिला तर नाही म्हणा. सरकारने खास परवानगी दिलेल्यांशिवाय जॅमर वापरणं बेकायदा आहे, दूरसंचार खात्याने जुलै २०२२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. बाहेरून खरंच कोणी पट्टा अडवतंय अशी खात्री असेल तर इंटरफिअरन्स शोधायचं काम केंद्र सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचं आहे, तक्रारीसोबत तुमचा तो वेळांचा कागद आणि डोंगलच्या स्क्रीनचे फोटो जोडा.

जिथे वायर टाकता येते तिथे टाका

मुख्य दार पॅनलपासून पाच-सात मीटरवर असतं. बहुतेक पॅनलमध्ये एक-दोन वायर्ड झोन दिलेले असतात आणि ते रिकामेच राहतात. रंगकाम निघालं की तेव्हाच एक बारीक चार तारांची केबल दारापर्यंत आणि एक हूटरपर्यंत टाकून घ्या, खिडक्या राहू द्या वायरलेस. फार्महाऊसवर गेट लांब असतं, तिथे ४३३ ची ताकद वाढवणारे बेकायदा खेळ करण्यापेक्षा गेटपाशी वेगळं पॅनल, वेगळं सिम हे स्वस्त पडतं.

दर महिन्याला एक दिवस ठरवा, प्रत्येक सेन्सर एकदा ट्रिगर, फोनवर निरोप आला का, लाइट घालवून एकदा हूटर. दिवाळीला किंवा मे महिन्यात गावाला निघायच्या आदल्या दिवशी मात्र हे पूर्ण करा, ओंजळीच्या टेस्टसकट, आणि जो सेन्सर काठावर निघेल त्याचा सेल निघायच्या आधीच बदला, जुना सेल रिमोटमध्ये घालून पैसे वाचवू नका. किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे ठेवता त्यांना हूटर बंद कसा करायचा तेही दाखवून ठेवा, नाहीतर ते मेन स्विच पाडतील आणि बॅटरीवर तो आणखी तासभर वाजत राहील.